तेजलने शाळा बुडवली नाही

पहिलं माझंच सांगते, म्हणजे पुढे वाचताना उगीच माझी कीव करायची वेळ तुमच्यावर येणार नाही. मी सावद्याच्या एका शाळेत गणित शिकवते. सतरा वर्षं झाली. पोरं मला टरकून असतात आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

जूनमध्ये पोरं नव्या दप्तराच्या जोशात येतात, पोळा झाला की ढेपाळतात, दिवाळीनंतर तर निम्मा वर्ग शेतात नाहीतर मामाच्या गावाला. यावर मी एक उपाय काढला होता. व्हरांड्याच्या भिंतीवर एक मोठा तक्ता, त्यावर मी शिकवते त्या सगळ्या वर्गांतल्या पोरांची नावं, आणि ज्याने महिनाभर एकही खाडा केला नाही त्याच्या नावापुढे एक सोनेरी टिकली. बायका कपाळाला लावतात तीच टिकली, बांगडीवाल्याकडून पाकीटच्या पाकीट आणायचे. मार्चपर्यंत ज्याची टिकल्यांची रांग पुरी, त्याला कंपासपेटी आणि सगळ्या शाळेसमोर टाळ्या.

पोरं वेडी व्हायची त्या टिकलीसाठी. अंगात ताप घेऊन यायची. मला कळायचं, खोटं कशाला बोलू? हात लावला की चटका बसायचा आणि मी म्हणायचे, "शाब्बास! याला म्हणतात जिद्द!" आणि कुणी डोकं धरून बसलं की ठरलेलं वाक्य, "डोकं दुखलं म्हणून कोणी मरत नाही. पाणी पी आणि गणित सोडव."

माझी मुलगी तेजल याच शाळेत, तेव्हा सातवीत होती. घरी मी तिची आई, शाळेत मॅडम. पहिलीपासून तिचा एकही खाडा नव्हता. मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

हे लिहायची कल्पना माझी नाही. जळगावच्या डॉक्टर, पुढे भेटतीलच त्या, म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, लिहा. चार घरं तरी शहाणी होतील." म्हणून बसलेय लिहायला. कुठे सारवासारव केलेली दिसली तर खुशाल माझा कान पकडा.

आबांचा घड

ऑगस्टमध्ये तेजल फार पाणी प्यायला लागली. दोन लिटरची बाटली मधल्या सुट्टीपर्यंत रिकामी. मी खूश! भरपूर पाणी प्या, असं मी वर्गावर्गात सांगत फिरायचे, निदान माझी पोरगी तरी ऐकतेय. मग एक दिवस तिच्या वर्गशिक्षिका चौधरी मॅडम मला म्हणाल्या, "तेजल एका तासाला दोनदा बाथरूमला जाते हो." मी घरी येऊन तिलाच झापलं. "तास बुडवायची ही नाटकं माझ्यासमोर चालणार नाहीत हं."

त्यानंतर तिने शाळेत पाणी पिणंच सोडलं. घरी आली की दप्तर न काढता माठाला चिकटायची.

ती वाळत चालली होती. स्कर्टला आधी एक पिन लावली, मग दुसरी. मला वाटलं, उंची वाढतेय, या वयात होतातच पोरी काटक्या. आबांना मात्र ते बघवेना. आबा म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस. बॉक्समध्ये भरून बाहेर जातो तो माल हिरवाच जातो, पण घरच्यांसाठी आबा एक घड वेगळा राखतात. मागच्या खोलीत टांगून पिकवतात आणि रोज संध्याकाळी हाताने चाचपून त्यातली सगळ्यात चांगली फणी काढतात, नातीसाठी.

"पोरगी पार वायली व ज्योती," ते मला म्हणायचे. "इले काही खाऊपिऊ घालते का नाही? नुसती शिकवूच राह्यली."

मग काय, रोज शिकरण. चार केळी, वाटीभर दूध, वर दोन चमचे साखर. शाळेत जाताना दोन केळी डब्यात. तेजल खायचीही सपाटून. आणि तरी वाळायची. खाल्लेलं जातं कुठे हे आम्हाला कळेना, म्हणून आम्ही अजून खाऊ घालायचो.

सप्टेंबर उजाडला तसा तिच्या तोंडाला एक गोडसर वास यायला लागला. फळ जास्त पिकून काळं पडलं की येतो ना, तसा. आमच्या घरात पडद्यांनाही पिकल्या केळ्याचा वास असतो. मी म्हणाले, "शिकरण खाऊन चूळ भरत जा गं. दात घास." तिने मुकाट्याने दात घासले. माझं माहेर धुळ्याचं. तिथे असते तर माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हा कसला वास? सावद्यात आमच्या घरी विचारणार कोण! आम्ही सगळे त्याच वासात राहतो.

पालकसभा

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी शाळेत पालकसभा होती आणि भाषण माझं होतं. विषय, 'मूल वर्षभर उत्साही आणि निरोगी कसं राहील?' तीन दिवस तयारी करत होते. वेळेवर झोप, सकाळचा नाश्ता, रोज खेळ, मोबाइल कमी, सगळं छान मुद्देसूद.

त्या सकाळी तेजलला उलटी झाली. पोट धरून म्हणाली, "आई, फार दुखतंय."

मी घड्याळाकडे बघितलं. आधी घड्याळाकडे, मग तिच्याकडे. "आज सभा आहे, तेजू. मॅडमचीच मुलगी घरी राहिली तर लोक काय म्हणतील?"

"नाही, मी येते," ती लगेच म्हणाली. "माझी टिकली जाईल."

मला भरून आलं. अभिमानाने! ग्लासभर पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर घालून मी तिला पाजली, वेणी घातली आणि स्कूटीवर मागे बसवून शाळेत नेलं. वाटभर तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलेलं होतं.

सभा रंगली. एका शेतकरी बापाने उठून विचारलं, "मॅडम, लेकराच्या अंगात कणकण असली तं धाडायचं का नाही?" मी हसून म्हणाले, "साध्यासुध्या कणकणीला घाबरू नका. तुम्ही घाबरलात की मूल घाबरतं." लोक माना डोलावत होते. तेवढ्यात चौधरी मॅडम दारात आल्या. त्यांचा चेहरा बघून मी वाक्य अर्धवट सोडलं.

"ज्योती मॅडम, तेजल उठत नाहीये."

सातवीचा वर्ग हॉलपासून पन्नास पावलांवर आहे. तेजल बाकावर डोकं टेकून पडली होती आणि श्वास असा घेत होती जसं कुणी तिला खूप लांबून पळवत आणलंय. ओठ कोरडे ठक्क. मी तिला हलवलं. तिने डोळे किलकिले केले आणि मला विचारलं, "मॅडम, माझी हजेरी लागली का?"

मला 'आई' म्हणाली नाही. मॅडम म्हणाली. शाळेत होती ना.

तशीच उचलून तिला गावातल्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिच्या तोंडाजवळ वाकून बघितलं आणि विचारलं, "हा वास किती दिवसांपासून येतोय?"

"केळ्याचा आहे तो," मी म्हणाले. "आमच्या घरात सगळ्यांच्याच तोंडाला येतो."

त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनवर घेतला. मशीनने आकडाच दाखवला नाही. साखर त्याच्या मापाच्याही वर होती. डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "हा केळ्याचा वास नाही, मॅडम. साखर अशी वाढली की येतो तो. गाडी काढा. आत्ताच्या आत्ता जळगाव."

वाचणाऱ्या आयांनो, बापांनो, इथे जरा थांबा. पोर फार पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, खाऊनपिऊन वाळत असेल, तर एवढंच करा, डॉक्टरकडे जाऊन बोटाला सुई टोचून साखर बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी महिनाभर ते केलं नाही आणि तोवर भाषणाची तयारी केली.

जळगावचे दिवस

भुसावळपर्यंत पुढे केळीचे ट्रक होते. तेजलचे पप्पा हॉर्नवरून हात काढत नव्हते. एरवी तोच ट्रक दिसला की म्हणतात, माल बघ कसा भरलाय. त्या दिवशी शिव्या देत होते आणि डोळे पुसत होते. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिचे श्वास मोजत होते. गणिताची बाई, दुसरं काय सुचणार?

आयसीयूच्या बाहेर डॉक्टर आल्या. बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. म्हणाल्या, "टाईप वन मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय. ते आता बाहेरून द्यावं लागेल, आयुष्यभर."

मी विचारलं, "म्हणजे किती दिवस?"

तेजलच्या पप्पांनी माझा दंड धरला. तेव्हा मला कळलं मी काय विचारलं ते.

"गोड खाऊन झालं का हे?" पप्पांनी विचारलं.

"नाही. केळी खाऊन नाही, साखर खाऊन नाही, कुणाच्या चुकीने नाही. हा आजार तसा होत नाही. फक्त आणायला उशीर झाला."

आबा संध्याकाळच्या बसने आले. कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले, टोपी हातात. "माह्या हातानं चारलं व मी तिले," एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांना पटेना. आणि लाज वाटते पण लिहिते, तिसऱ्यांदा मी सांगितलं नाही. आबा केळ्यांना दोष देत होते तोवर माझ्या टिकल्यांकडे कुणाचं लक्ष जात नव्हतं.

दोन दिवस ती धोक्यात होती. त्या दोन दिवसांत मी काय काय बोलले, कुठल्या देवाला काय कबूल केलं, ते सांगत बसत नाही. तिसऱ्या दिवशी तिने खिचडी मागितली आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

वॉर्डात आल्यावर रोजचा रगाडा सुरू झाला. सकाळी सहाला सुई, नाश्त्याआधी सुई, जेवणाआधी सुई. तिची बोटं खडबडीत झाली. शेजारच्या खाटेवरची मुलं ओरडायची. ही हात पुढे करायची आणि भिंतीकडे बघायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

वंदना सिस्टर नावाची एक बाई तिथे होती, तिचे उपकार फिटायचे नाहीत. तिने आम्हाला इन्सुलिन टोचायला शिकवलं. म्हणाली, "उद्या एक संत्रं आणा, त्याच्यावर हात बसवू." आबा सकाळी बाजारात जाऊन आले ते पिशवीत केळी घेऊन. सवय! सिस्टर हसत म्हणाली, "चालतंय की, आबा. टोचा." आणि आमचे आबा, चष्मा सावरत, हिरव्या केळ्याला पाण्याचं इंजेक्शन द्यायला लागले.

"आबा," तेजल खाटेवरून म्हणाली, "त्याला पण विचारा ना, दुखलं का."

आजारी पडल्यापासूनचा तिचा पहिला विनोद. आबा हसले आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं. सिस्टरने आम्हा सगळ्यांना चहा पाजला.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तेजलने मला विचारलं, "माझे किती खाडे झाले?"

"आठ," मी म्हणाले. तोंडातून पटकन गेलं, कारण मला माहीत होतं. मी मोजत होते. तिने कूस बदलली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

कावीळ

घरी आल्यावर पहिलं भांडण झालं ते कुणाला सांगायचं यावरून. तेजलचे पप्पा म्हणाले, "चार लोकांत बोभाटा नको. पोरीची जात आहे. उद्या स्थळं येतील तेव्हा लोक हेच काढतील."

"अहो, सातवीत आहे ती!"

"लोकं लक्षात ठेवतात, ज्योती. तुला नाही माहीत आमच्याकडचं."

मी दोन दिवस तावातावाने भांडले. मग ऐकलं. लग्नाबिग्नासाठी नव्हे. शाळेला तब्येतीचे धडे देणाऱ्या मॅडमच्या घरी हे झालं, आणि मॅडमला महिनाभर पत्ता नाही, हे गावभर व्हायला मलाही नको होतं. आम्ही सगळ्यांना सांगितलं, कावीळ झाली होती. खरं फक्त मुख्याध्यापकांना आणि चौधरी मॅडमना ठाऊक.

शाळेत गेल्या गेल्या मी तो टिकल्यांचा तक्ता भिंतीवरून उतरवला आणि कपाटामागे टाकला. पोरांनी विचारलं, "मॅडम, टिकल्या?" मी म्हणाले, "यंदापासून बंद." का ते सांगितलं नाही. मला वाटलं, झालं, सुधारले मी.

मधल्या सुट्टीत तेजल प्रयोगशाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत यायची. तिथे साखर बघायची, इंजेक्शन घ्यायचं, मग डबा खायचा. मी दारात पाठ करून उभी राहायचे, कुणी येतंय का बघत. काही चोरून करतोय आम्ही असंच वाटायचं. दिवाळीनंतर ती म्हणाली, "मॅडम, मला जमतं आता. तुम्ही नका येऊ." मला वाटलं, किती समजूतदार झाली पोरगी! रोजचे आकडे ती एका वहीत लिहायची. सुरेख अक्षर, सुरेख आकडे. डॉक्टरांना दाखवायला मी ती वही अशी मिरवत न्यायचं ठरवलं होतं, जशी पहिल्या नंबराची प्रगतिपुस्तकं नेतात.

जानेवारीत तिचं पुन्हा चिडचिड करणं सुरू झालं. पुन्हा पाणी. पुन्हा स्कर्टला पिन. पण वहीत तर सगळं ठीक होतं. एका रविवारी मशीनची बॅटरी बदलायला म्हणून ते हातात घेतलं आणि सहज बटण दाबलं. त्या मशीनमध्ये जुने आकडे साठलेले असतात, हे तिला माहीत नव्हतं. सकाळचे होते, संध्याकाळचे होते, आणि बहुतेक सगळे भयंकर. दुपारचा एकही नव्हता. तीन आठवडे तिने शाळेत ना साखर बघितली होती ना इंजेक्शन घेतलं होतं. वहीतलं सगळं मनाने लिहिलेलं.

मी तिला मारलं. फाडकन एक गालावर, दुसरी पाठीत. "मरायचंय का तुला? सांग, मरायचंय?" असं ओरडत होते. आबा मध्ये आले. "हात लावू नको पोरीले!" आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. पप्पा अंगणातून धावत आले आणि दारात थांबले.

तेजल रडत नव्हती. गाल धरून उभी होती.

"पोरी रोज विचारतात, तू जातेस कुठे?" ती म्हणाली. "काय सांगू मी? तुम्हीच म्हणालात कुणाला सांगायचं नाही. म्हणून जाणंच बंद केलं."

"आणि ही वही? हा खोटेपणा कुणी शिकवला तुला?"

"तुला चांगले आकडे आवडतात ना, आई," ती म्हणाली. "म्हणून चांगले लिहिले."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं. दुपारचं जेवण त्या दिवशी कुणी केलं नाही, आणि मग लक्षात आलं की हिला तर उपाशी ठेवून चालत नाही, तेव्हा आबांनी उठून तिच्यासाठी भाकरी टाकली. जाडजूड, कच्ची. तिने खाल्ली.

संध्याकाळी तिचे पप्पा तिच्याजवळ जाऊन बसले. "बेटा, चुकलं माझं. सांगून टाक शाळेत. लग्नाबिग्नाचं गेलं खड्ड्यात." मी म्हणाले, "उद्या मीच वर्गात सांगते." तशी ती ताडकन उठली. "नाही! माझा आजार आहे. मला वाटेल तेव्हा मी सांगेन. तू नको सांगू."

जळगावच्या डॉक्टरांना मी फोनवर सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "वाढलेली साखर काही दिवस तरी वाट बघते, मॅडम. उतरलेली बघत नाही. वर्गात बसल्या बसल्या उतरली आणि ती लाजेखातर गप्प राहिली, तर दहा-पंधरा मिनिटंच असतात हातात. तिने तोंड उघडायला हवं. ते तुम्ही तिच्यासाठी करू शकत नाही."

तेव्हापासून माझे दिवस असे गेले. दुपारची इंजेक्शनं ती पुन्हा घ्यायला लागली, अडगळीच्याच खोलीत. चौधरी मॅडम लक्ष ठेवायच्या. पण मी आठवीला समीकरणं शिकवत असायचे आणि कान सातवीच्या वर्गाकडे. व्हरांड्यात कुणी पळालं की खडू हातातून पडायचा. घरी मी तिच्याशी फार गोड बोलायला लागले होते, आणि ती माझ्याकडे संशयाने बघायची. बरोबरच होतं तिचं. पोराचा विश्वास काही तक्ता उतरवावा तसा एका दिवसात बदलत नाही. जी पोर पोटात कळा घेऊन हजेरीसाठी बसून राहिली, ती आता चक्कर आल्यावर बोलेल, असं मी कशाच्या भरवशावर मानायचं?

गुरुवार

फेब्रुवारीत घटक चाचणी होती. गुरुवारी गणिताचा पेपर, आणि चौधरी मॅडम रजेवर म्हणून सातवीवर पर्यवेक्षणाला मलाच पाठवलं. पोरांचे चेहरेच उतरले. माझ्या पेपरात माना इकडेतिकडे हलत नाहीत. बाहेर ऊन चढलं होतं, पंखा खडखडत होता, मी बाकांमधून फेऱ्या मारत होते. तेजल तिसऱ्या बाकावर. तिच्याजवळून जाताना मी मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हते.

पेपर संपायला अर्धा तास उरला असेल. मी फळ्यापाशी उभी होते. बघते तर तेजलचा पेन थांबलेला. कपाळावर घाम. ती एका जागी बघत होती आणि तिची डाव्या हाताची बोटं थरथरत होती.

माझे पाय तिच्याकडे निघालेसुद्धा होते. मी थांबले. खरं सांगते, दोन गोष्टींनी थांबले. एक, तिचं ते वाक्य, तू नको सांगू. आणि दुसरी सांगायलाही लाज वाटते. माझ्या डोक्यात आलं, शेवटचे दोनच प्रश्न राहिलेत, तेवढे सोडवून घेईल ती. एवढं सगळं होऊन गेल्यावरही आलं! सवय कुठे लपून बसलेली असते, देवालाच ठाऊक.

मी टेबलाची कड धरून उभी राहिले. एक मिनिट. ते मिनिट मी कसं काढलं ते मलाच माहीत.

तेजलने हात वर केला.

"मॅडम, मला बरं वाटत नाहीये."

चाळीस माना वर झाल्या. माझ्या वर्गात हे वाक्य इतक्या मोठ्याने कुणी कधी बोललेलं नव्हतं.

"पेपर राहू दे," मी म्हणाले. "काय हवंय?"

"दप्तरात साखरेची पुडी आहे."

मी पुडी काढून दिली. तिने ती तोंडात रिकामी केली, वर पाणी प्यायली, आणि मग मशीन काढून सगळ्यांदेखत, बाकावर, बोटाला सुई टोचली. शेजारची पोरगी "ईऽऽ" करून मागे सरकली.

"ईऽ काय?" तेजल तिला म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मला डायबेटिस आहे. कावीळबिवीळ नव्हती झाली. साखर उतरलीये, पंधरा मिनिटांत चढेल. तू तुझा पेपर लिही."

कुणी पेपर लिहीत नव्हतं. मी तिच्या बाकाशेजारी गुडघ्यावर बसले होते आणि तिचा ओला हात माझ्या हातात होता. तिने तो काढून घेतला नाही. हळूहळू थरथर कमी झाली. तिने उत्तरपत्रिका बाजूला सारली आणि बाकावर डोकं टेकलं. "मी झोपते जरा," म्हणाली. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले होते. मी म्हणाले, "झोप."

मी उठले. पोरं माझ्याकडे बघत होती, मी आता काय करते ते. मी म्हणणार होते, चला, लिहा आपापलं. तेवढ्यात खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. रुबिना तडवी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून रोज एसटीने येणारी, कधी एक शब्द न बोलणारी पोरगी.

"मॅडम," ती म्हणाली, "माझा पण कान दुखतोय."

"कधीपासून?"

तिने आधी तेजलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सोमवारपासून."

मग तिच्या पुढच्या बाकावरचा हात वर झाला. मग भिंतीकडून एक.

मग सांगितलं का नाही, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. विचारलं नाही. पेपर जमा करायची घंटा वाजत होती. मी शेवटच्या बाकापाशी गेले, रुबिनाच्या शेजारी बसले, तिची वेणी बाजूला केली आणि तिचा कान बघितला.